लेक किती तासांवर?

पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली की उठता उठता आपण आधी घरातली माणसं मनात मोजतो. २०२३ च्या डिसेंबरातला गुरुवार होता. दारात शेजारच्या काकांचा पुतण्या उभा होता. काका साडेचारला गेले होते.

काका निवृत्त हेडमास्तर, घर मराठी. काकू गदगकडच्या, माहेर कन्नड. त्या घरात मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आपल्यापैकी निम्म्या घरांत असंच आहे. त्यांना एकच लेक, ती कॅलिफोर्नियात सॅन होजेला नोकरी करते. तिला फोन झाला होता. तिच्याकडं तेव्हा बुधवारची दुपार होती, तीन वाजले होते. आपल्याकडं गुरुवार उजाडतोय आणि बाप गेल्याची बातमी लेकीला बुधवारी कळतेय, हा हिशेब शोकाच्या घरात कुणाच्याच डोक्यात नीट बसेना.

मी गेले तेव्हा ओसरीवर चार-पाच माणसं होती. पुतण्या म्हणाला, "मॅडम, तुम्ही भूगोल शिकवता. तिथनं इथं यायला नेमके किती तास लागतात ओ?" आतून काकूंच्या बहिणीनं तेच विचारलं, "अल्लिंद बरलिक्क एष्ट तास बेकरी, मॅडम?" उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये तास हा तासच असतो, बेंगळुरूला गेला की त्याचा गंटे होतो. दोन्ही भाषांत प्रश्न एकच होता आणि त्याच्या मागचा प्रश्नही एकच: लेकीसाठी थांबायचं की नाही?

मी क्षणभरही न अडखळता सांगितलं, "सतरा तास." वर भरही घातली. तिकडची रात्रीची फ्लाइट मिळाली तर शुक्रवारी पहाटे ती बेंगळुरूला उतरेल, तिथून सांबऱ्याला तास-सव्वा तास, दहापर्यंत घरी. लगेच निरोप गेले. निपाणी, धारवाड, मडगाव सगळीकडं कळवलं, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. बर्फाची पेटी मागवली.

वीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईनं दिलेलं ते उत्तर चुकीचं होतं. कसं चुकलं, ते आज लिहिते आहे.

सतरा तास हा आकडा मी काही हवेतून काढला नव्हता. माझ्या फाइलमध्ये एक कात्रण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या शनिवारी रात्री साडेआठच्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाचं बोइंग ७७७ निघालं आणि उत्तर ध्रुवाच्या बाजूनं सोमवारी, ११ तारखेच्या पहाटे बेंगळुरूला उतरलं. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्यासोबतच्या इतर तिन्ही वैमानिक महिला. त्या दिवशी मी वर्गात मोठ्या अभिमानानं ते कात्रण वाचून दाखवलं होतं. एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, मग मधला रविवार कुठं गेला?" फार चांगला प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोत शनिवारचे रात्री साडेआठ म्हणजे आपल्याकडं रविवारचे सकाळचे दहा. विमानातल्या लोकांचा रविवार आकाशातच खर्च झाला. उड्डाण सतरा तासांच्या आसपासचं. कॅलेंडरवर मात्र दोन तारखा सरकल्या.

त्या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे कसं, ते मी वर्गात दोऱ्यानं दाखवते. आमच्या विभागात एक जुना पृथ्वीगोल आहे, एका बाजूला पोचा आलेला. मुलांना आधी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवायला सांगते. बेंगळुरूहून कुणी अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक करत जातं. कुणी जपानवरून पॅसिफिक ओलांडतं. मग गोलावर दोरा ताणायचा. दोरा पूर्वेलाही जात नाही, पश्चिमेलाही जात नाही, सरळ वर निघतो! नेपाळ, तिबेट, मंगोलियाचा पश्चिम भाग, सैबेरिया, थेट आर्क्टिकच्या काठाला सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, मग अलास्का आणि तिथून कॅनडाच्या किनाऱ्यानं खाली. यालाच पुस्तकात बृहद्‌वृत्त म्हणतात. नकाशावर ही वाट कमानीसारखी वाकडी दिसते, कारण लहानपणापासून आपण ज्या नकाशांवर बोट फिरवलं त्यातले बरेच मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीचे. त्यात ध्रुवाकडचा भाग इतका ताणला जातो की ग्रीनलँड आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

पण दोऱ्याच्या वाटेनं विमान जातंच असं नाही. तिबेटचंच बघा. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटकन तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, म्हणजे माणसांना श्वास घेता येईल. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर. खाली यायचं म्हटलं तर जागाच नाही! म्हणून विमानं शक्यतो ती वाट टाळतात. २०२१ चं ते पहिलं उड्डाण १४,००० च्या जागी सुमारे १६,००० किलोमीटर फिरून आलं.

आणि वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जेट प्रवाह वाहतो, कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढं. तो पहिल्यांदा नीट मोजला वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, फुगे सोडून सोडून. त्यांनी आपला अहवाल जगभर वाचला जावा म्हणून एस्परांतो या कृत्रिम भाषेत लिहिला, आणि बाहेरच्या जगानं तो जवळजवळ वाचलाच नाही. भाषेच्या निवडीवरून काय काय घडतं, हे आपल्या भागातल्या माणसाला नव्यानं सांगायला नको. असो. तर ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं आणि वेळ मात्र कमी झाला, साडेचौदा तासांच्या आसपास. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन विमान आधी पोहोचलं, कारण पाठीशी वारा होता.

(दर वर्षी एक तरी मुलगा विचारतो की पृथ्वी खालून फिरतेच आहे, तर विमानानं वर नुसतं थांबून राहिलं तरी अमेरिका आपोआप खाली येईल ना? नाही येत. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर नुसती उडी मारून आपण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पडलो असतो.)

माणसांनी घातलेले अडसरही असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. २०२२ मध्ये रशियानं युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळं रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान या गावी उतरलं. बातमी वाचून आमच्या स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, "अमेरिकेला जाणारं विमान सैबेरियात काय करत होतं?" मी त्यांना गोल आणि दोरा दाखवला होता. म्हणजे एवढं सगळं मला माहीत होतं.

माहीत होतं ते विमानाचं. काकांच्या ओसरीवर मला विचारलं होतं लेकीचं.

मी धरलेलं थेट विमान रोजचं नव्हतं, आणि त्या दिवशी तर नव्हतंच. तासाभरात लेकीचा मेसेज आला. तिकीट मिळालं ते दुबईमार्गे, शुक्रवारी सकाळी साडेअकराला बेंगळुरू. अकरा वाजताचा निरोप बदलला, दुपारी तीन केला. इथंसुद्धा मी मान डोलावली. साडेअकराला उतरेल, दुपारचं विमान घेईल, दोनपर्यंत घरी. बेंगळुरूच्या विमानतळावर इमिग्रेशनची रांग असते, सामान यायला वेळ लागतो, आणि देशांतर्गत विमानाचा चेक-इन उड्डाणाच्या बराच आधी बंद होतो, यातलं काहीही मी धरलं नाही. नकाशावर दोन विमानतळांमध्ये रेघ ओढली की काम झालं, अशी आम्हा शिकवणाऱ्यांची सवय.

ती बाहेर आली तेव्हा एक वाजला होता. बेळगावचं विमान हातचं गेलं होतं. तिनं टॅक्सी केली. विमानतळापासून घरापर्यंत पाचशे किलोमीटरच्या वर, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड. ही वाट आपल्यापैकी कोण गेलेलं नाही? नऊ तास धरायचे, मध्ये कुठं काम चालू नसेल तर.

नंतर, दहावा-बारावा होऊन गेल्यावर, मी तिच्याबरोबर बसून तिचा सगळा प्रवास कागदावर मांडला. तिनंच मागितला होता. घरातून निघून विमान सुटेपर्यंत साडेतीन तास. सॅन फ्रान्सिस्को ते दुबई सुमारे १३,००० किलोमीटर, सोळा तास. दुबईला पाच तास बसून. दुबई ते बेंगळुरू सुमारे २,७०० किलोमीटर, चार तास. विमानतळावर दीड तास. रस्त्यानं नऊ तास. बेरीज एकोणचाळीस. त्यातले वीस तासच ती आकाशात होती. पहिले तेरा हजार किलोमीटर सोळा तासांत, आणि शेवटचे पाचशे नऊ तासांत! काका गेल्यापासून मोजलं तर एकेचाळीस तास उलटून गेले होते. मी सांगितले होते सतरा.

शुक्रवारी तीन वाजले तेव्हा ओसरीवर, अंगणात, रस्त्यावर माणसं उभी होती. निपाणीचे लोक सकाळी दहापासून आले होते. कुणी म्हणालं, थांबू या, रात्री करू. कुणी म्हणालं, सूर्यास्तानंतर अग्नी देत नाहीत, मग शनिवारी सकाळीच. म्हणजे अजून एक रात्र. पेटीवाला बर्फ बदलून गेला होता. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमारास दिवस मावळतो. तिला फोन लावला, ती तुमकूरच्या पुढं होती. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी या वेळी मनातल्या मनात दोनदा हिशेब केला आणि म्हटलं, "रात्रीचे दहा. त्याच्या आधी नाही."

काकू आतून उठून दारापर्यंत आल्या. आदल्या दिवसापासून त्या फारशा बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "साकरी. होत्त मुळगोदराग मुगसरी." आणि मग मराठीत, बहुधा माझ्यासाठी आणि काकांच्या माणसांसाठी, "तिला सांगा मी सांगितलंय म्हणून."

चार वाजता उचललं. अग्नी पुतण्यानं दिला. लेक चित्रदुर्गाच्या आसपास कुठंतरी टॅक्सी बाजूला घेऊन फोनच्या पडद्यावर बघत होती. रेंज दोनदा गेली. ड्रायव्हरनं तिला पाण्याची बाटली आणून दिली, हे तिनं नंतर सांगितलं; बाकी त्या वेळचं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ती रात्री दहाला पोहोचली.

माझ्या मनात जे राहिलं ते असं. गुरुवारी पहाटे मी चाळीस तास म्हटले असते, तर काकूंना एक निर्णय घेता आला असता. गुरुवारी संध्याकाळीच उरकायचं, किंवा नीट ठरवून शनिवारी सकाळपर्यंत थांबायचं. दोन्हीत काही कमी-जास्त नव्हतं. माझ्या सतरा तासांमुळं दोन्ही झालं नाही. देह छत्तीस तास ठेवला आणि लेकीची भेटही झाली नाही. मी हे काकूंना तेराव्यानंतर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, गुरुवारीच केलं असतं तर बरं झालं असतं. इतकंच. "जाऊ दे" म्हणतील, "तुझी काय चूक" म्हणतील, अशी माझी वेडी अपेक्षा होती. त्या तसं म्हणाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

आपल्या आज्या-पणज्यांचं अंतर कोसात किंवा हरदारीत असायचं, पण विचारलं तर त्या वेळच सांगायच्या. सकाळी भाकरी बांधून निघालं की दिवस मावळायला पोहोचतं, नदीला पाणी असलं तर मुक्काम पडतो. नदी, बैल, मुक्काम, सगळं त्यात धरलेलं. माझी आजी खानापूरहून माहेरी जायचं गाव "दीड दिवसावर" आहे म्हणायची. त्यातला अर्धा दिवस कशाचा, हे मला लहानपणी कळायचं नाही. तो घाटाखाली गाडीची वाट बघण्याचा होता.

आता गल्लीत कुणाची मुलं बाहेर आहेत आणि घरात कुणी अत्यवस्थ आहे असं झालं, की लोक अजूनही माझ्याकडं येतात. येतात याचं मला नवल वाटतं. मी आता किलोमीटर सांगत नाही. मी विचारते, त्या दिवशीचं कुठलं तिकीट हातात आहे? मध्ये किती तास बसायचं आहे? शेवटचं विमान बेळगावला आहे, गोव्याला, हुबळीला की मुंबईला, आणि ते चुकलं तर पुढचं केव्हा? परदेशातून येणाऱ्याचं भारतातलं पहिलं विमानतळ लागलं की तिथं दोन ते तीन तास धरायला सांगते. गोव्याला उतरलं तर पुढं चोर्ल्याचा घाट आहे. पावसाळ्यात त्याचे वेगळे दोन तास. मुंबईला रात्री उतरलं तर सकाळच्या विमानाची वाट बघत बसण्यापेक्षा पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यानं निघणं कधी कधी बरं पडतं, कधी नाही. आणि पासपोर्ट कुठं आहे, मुदत संपलेली नाही ना, हे आधी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यांनी ओसीआय कार्ड. एका घरात ते बँकेच्या लॉकरमध्ये होतं आणि तो रविवार होता.

विमानसेवा सुरू होतात, बंद होतात, वाटा बदलतात. माझं २०२१ चं कात्रण फाइलमध्ये तसंच आहे, पण आता ते मी फक्त बृहद्‌वृत्त शिकवताना काढते.

लेक परत गेली तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावून गेली, सॅन होजेचं. थंडीत ते आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं आणि उन्हाळ्यात साडेबारा, कारण तिकडं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. पहिल्या वर्षी हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि काकू आठवडाभर लेकीला चुकीच्या वेळी फोन करत राहिल्या. आता ते काम माझ्याकडं आहे. मार्चमधल्या त्या रविवारी आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला तिकडचा तास बदलतो. मी साडेतीनच्या आधीच जाते, स्टुलावर चढून काटा फिरवते. काकू खालून बघत असतात आणि दर वेळी विचारतात, "ईग अल्लि एष्ट गंटे?" लेकीशी फोनवर बोलून बोलून त्यांच्या तोंडात आता बेंगळुरूचा गंटे आलाय.

"पहाटेचे तीन," मी सांगते. "झोपली असेल. रात्री साडेनऊला करा."